चाकणची नोकरी घेऊ का हिंजवडीतच थांबू?

या वेळचं पत्र कराडच्या एका मुलीचं आहे. वय २४, पुण्यातून मेकॅनिकल केलं, गेलं दीड वर्ष हिंजवडीत एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, प्रोजेक्ट अमेरिकेतल्या एका इन्शुरन्स क्लायंटचा, पॅकेज साडेचार लाख. तिला ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेनमधून एमबीए करायचंय. मागच्या नोव्हेंबरात कॅट दिली, ९१ पर्सेंटाइल आले, हवे होते ते इंटरव्ह्यूचे कॉल आले नाहीत. आता चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत पीपीसीला म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला ऑफर आलीये, पण पगार ३ लाख ८० हजार. बाबांचं कराडला गॅरेज आहे, ते म्हणतात, "तुला तेलातून बाहेर काढायला शिकवलं आणि तू परत तेलातच चाललीस." मावसभाऊ म्हणतो मोठ्या कंपनीचं नाव सोडू नको, वर एखाद्या एनजीओचं सर्टिफिकेट जोड, प्रोफाइल तयार. शेवटी ती विचारते, "ताई, इंटरव्ह्यूत कुठला अनुभव जास्त चांगला दिसेल?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा या शेवटच्या वाक्यापाशीच अडकले. चांगला दिसेल. तुझ्या जागी मीही हेच विचारलं असतं, सगळेच विचारतात, पण या प्रश्नाने सुरुवात केलीस ना की उत्तर चुकतंच, कारण मग तू अशा लोकांसाठी दोन वर्षं जगायला लागतेस जे तुला वीस मिनिटं भेटणार आहेत. उलटं करून बघ. एमबीए झाल्यावर पहिल्या दिवशी तू कुठे बसलेली असशील, समोर काय असेल, सकाळी नऊ वाजता पहिला फोन कुणाचा येईल? तुला सप्लाय चेन हवंय म्हणतेस, तर फोन असेल की अमुक मटेरियल आलेलं नाही, लाइन थांबतेय. असा एक फोन घ्यायचा अनुभव आत्ताच्या नोकरीत मिळतो का? नाही मिळत. मग माझं उत्तर सरळ आहे, चाकणची नोकरी घे. पण घ्यायच्या आधी काय काय तपासायचं ते सांगते, आणि कुठल्या परिस्थितीत घेऊ नको तेही सांगते.

आधी माझं सांगते म्हणजे कळेल मी एवढं ठामपणे का बोलतेय. माझीही पहिली नोकरी एका मोठ्या नावाच्या ऑफिसातली होती. ११ महिने मी दुसऱ्यांनी केलेल्या रिपोर्टचे फॉरमॅट नीट केले. नाव ऐकून नातेवाईक खूश होते, पण मी काय करते हे मला आईलासुद्धा दोन वाक्यांत सांगता यायचं नाही. नंतर भोसरीत एका छोट्या रबर पार्टवाल्यांकडे डिस्पॅचला लागले, पगार कमी, शेडमध्ये टेबल, पावसाळ्यात पत्र्याचा आवाज एवढा की फोनवर ओरडून बोलावं लागायचं.

गणपतीचे दिवस होते आणि पाऊस लागलेला. दुपारी आमचा एक मोल्डिंग प्रेस बंद पडला आणि संध्याकाळी सातला कळलं की एका बुशचे, म्हणजे रबराच्या छोट्या पार्टचे, ४०० नग कमी आहेत. कस्टमर चाकणचा, त्यांच्याकडे त्या पार्टचा स्टॉक रात्री दोनपर्यंतच पुरणार, त्यानंतर त्यांची लाइन थांबणार आणि लाइन थांबली की त्याचं डेबिट, म्हणजे नुकसानीची वसुली, आमच्यावर. प्रेस साडेनऊला चालू झाला, गरम नग बिनमध्ये भरले आणि मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून निघाले कारण एवढ्या रात्री कागदपत्रं सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. मोशीच्या पुढे गाड्या जागच्या हलत नव्हत्या. कस्टमरच्या गेटवर सिक्युरिटीने चलनावर पीओ नंबर, म्हणजे ऑर्डरचा नंबर, नाही म्हणून अडवलं, आमच्याकडच्या माणसाला झोपेतून उठवून नंबर विचारला, मी पेनने लिहिला, मग आतल्या स्टोअरवाल्याने सहाच्या सहा बिन उलटे करून मोजले. लाइनवर माल पोचला तेव्हा त्यांच्या रॅकमध्ये वीस मिनिटांचे बुश उरले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलं, "त्या पार्टचा एकच दिवसाचा स्टॉक का होता? दोन दिवसांचा का नव्हता?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी तीन आठवडे मागच्या सहा महिन्यांची ब्रेकडाऊनची रजिस्टरं काढून बसले, कुठला प्रेस किती वेळा बंद पडला, दुरुस्तीला किती तास गेले, कुठल्या पार्टला दुसरा प्रेस चालतो आणि कुठल्याला नाही. त्यात दिसलं की आम्ही सगळ्याच पार्टचा सरसकट एक दिवसाचा स्टॉक ठेवत होतो. दोन पार्ट असे होते ज्यांना एकच प्रेस चालायचा, त्यांचा अडीच दिवसांचा ठेवला आणि बाकीच्यांचा अर्ध्या दिवसावर आणला. एकूण माल पहिल्यापेक्षा कमी झाला आणि तशी धावपळ परत करावी लागली नाही. अशा अडचणीसाठी राखून ठेवलेल्या मालाला सेफ्टी स्टॉक म्हणतात, हा शब्द मी पुस्तकात त्यानंतर दोन वर्षांनी वाचला. एमबीएच्या इंटरव्ह्यूत एका सरांनी विचारलं की इन्व्हेंटरी किती ठेवायचात आणि का, त्या एका प्रश्नावर आमचं सगळं बोलणं झालं. ते पुढचं विचारत गेले, मी सांगत गेले, पाठ केलेलं काहीच नव्हतं.

तुला हेच हवंय. अशी नोकरी जिथे एक तरी आकडा तुझ्या नावावर असेल, तो चुकला तर फोन तुलाच येईल आणि तो सुधारायचा थोडा तरी अधिकार तुझ्या हातात असेल. कंपनी छोटी का मोठी हे त्यानंतर.

आता, आयटीला मी नावं ठेवत नाहीये हे नीट लक्षात घे. तुला जर इन्शुरन्समध्ये, फिनटेकमध्ये, प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचं असतं तर मी म्हटलं असतं हललीस तर याद राख. तिथेच थांब, टेस्टिंगमधून बिझनेस अॅनालिस्टच्या कामात घुस, क्लेम कसा येतो, कुठे अडकतो, नाकारला का जातो हे समजून घे. क्लायंटचा धंदा कळणारा आयटीवाला आणि नुसता टेस्ट केस चालवणारा आयटीवाला यात फार फरक आहे आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना तो पाच मिनिटांत कळतो. पण तुझ्या दोन पानांच्या पत्रात इन्शुरन्सवर एक ओळ आहे आणि बाबांच्या गॅरेजवर अख्खा परिच्छेद. एका क्लच प्लेटसाठी गाडी चार दिवस उभी राहायची, गिऱ्हाईक रोज चक्कर मारायचं, बाबा कोल्हापूरला फोन लावायचे, पुण्याला लावायचे, शेवटी तूच शाळेत असताना एका वहीत लिहायला लागलीस की कुठला पार्ट महिन्यात किती लागतो. ती वही तू पत्रात सहज जाता जाता लिहून गेलीस पण सप्लाय चेन का, याचं उत्तर तिथेच आहे आणि चाकणची नोकरी त्या वहीच्या पुढचं पान आहे. इंजिनिअर होऊन दोन वर्षं आयटीत काढून एमबीएला आलेली मुलं प्रत्येक पॅनलला रोज ढिगाने भेटतात, त्यात "मला ऑपरेशन्स करायचंय" असं म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो की मग आत्तापर्यंत केलं का नाहीस.

कॉलेजांचा हिशोब थोडक्यात सांगते, कारण तुझ्या डोक्यात दोन-तीन गोष्टी मिसळल्यात. आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला अनुभव सक्तीचा नाही, फ्रेशरही जातात. निवडीत अनुभवाला काही ठिकाणी गुण असतात, प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि ती दरवर्षी वेबसाइटवर येते, ती वाच, क्लासवाल्यांच्या तोंडी माहितीवर जाऊ नको. आणि तिथे साधारणपणे डिग्रीनंतरचा फुल टाइम अनुभवच धरतात, कॉलेजमधली इंटर्नशिप धरत नाहीत. तू जे पवईचं आयआयएम मुंबई लिहिलंयस ते म्हणजे जुनं नीटी, १९६३ पासूनचं, २०२३ मध्ये आयआयएम झालं, कारखान्याच्या आणि ऑपरेशन्सच्या कामासाठी त्याचं नाव आधीपासूनच आहे, तुझ्या यादीत ते वर असणं बरोबर आहे. अंधेरीचं एसपी जैन प्रोफाइल बारकाईने बघतं आणि तिथे अर्ज करतानाच ऑपरेशन्स का मार्केटिंग का फायनान्स ते ठरवावं लागतं, त्यामुळे तुझं काम आणि तुझी निवड जुळते का हे तिथे सरळच दिसतं. नाशिकचं सिम्बायोसिसचं ऑपरेशन्सचं कॉलेज स्नॅप या सिम्बायोसिसच्या प्रवेश परीक्षेवर आहे, तेही बघून ठेव.

मुंबईच्या जमनालाल बजाजचं वेगळं आहे. आपल्या राज्याच्या सीईटीतून कॅप राउंडने, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, जातेस तेव्हा स्कोअरवर सीट मिळते, इंटरव्ह्यू नसतो, म्हणजे तिथे आत जायला चाकणचा काही उपयोग नाही. उपयोग होतो तो नंतर, समर इंटर्नशिपला आणि प्लेसमेंटला कंपन्या येतात तेव्हा, कारण रिक्रूटर पहिली नजर आधी काय केलंय यावरच टाकतो. बऱ्याच मोठ्या कॉलेजांत अनुभव असलेल्यांसाठी लॅटरल प्लेसमेंट, म्हणजे अनुभव धरून वरच्या पोस्टसाठीची निवड, वेगळी असते, तिथे तर तुझं आधीचं काम आणि मिळणारी पोस्ट यांचा थेट संबंध असतो.

आणि हे एक वर्षाचे कोर्स. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबी या बिझनेस स्कूलला मुख्य कोर्ससाठी किमान दोन वर्षं अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या कोर्सला चार, आयआयएम बंगलोर आणि कलकत्त्याच्या तशाच कोर्सना पाच. कॅटचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो, या एक वर्षाच्या कोर्सना चालणाऱ्या जीमॅट परीक्षेचा पाच वर्षं. म्हणून घाबरून याच वर्षी काहीही करून कुठेतरी जायचंच असं करू नको. माझं मत विचारशील तर या नोव्हेंबरची कॅट सोडून दे. नवीन नोकरीत पहिले सहा महिने तुला शेड्यूल, सॅप हे कंपनीचं सॉफ्टवेअर आणि माणसांची नावं लक्षात ठेवण्यातच जातील, त्यात तीन शिफ्टची फॅक्टरी, अभ्यास होणार नाही आणि ९१ चे ९२ होऊन परत रडत बसशील. पुढच्या वर्षीची दे. तेव्हा चाकणचं सव्वा वर्ष झालेलं असेल, इंटरव्ह्यूपर्यंत दीड, कॉलेज सुरू होताना दोनच्या जवळ. आयटीचं दीड धरून साडेतीन. दोन वर्षांच्या कोर्ससाठी हे अगदी योग्य आहे, फार पुढे गेलं तर मात्र वर्गातल्या मुलांपेक्षा तू सीनियर आणि मिळणाऱ्या पोस्ट ज्युनियर असं होतं, मग एक वर्षाच्या कोर्सचाच विचार करायचा.

आता ऑफर स्वीकारायच्या आधीचं. सगळ्यात पहिलं, लेटर कुणाच्या नावाचं आहे बघ. चाकणला कितीतरी पोरं काम करतात एका कंपनीत आणि पेरोलवर असतात भलत्याच कॉन्ट्रॅक्टरच्या, नंतर एक्सपिरियन्स लेटर मागायला गेलं की गेटवरून आत सोडत नाहीत. कंपनीच्याच पेरोलवर, ऑफर लेटरवर डिपार्टमेंट आणि पोस्ट लिहिलेली, पीएफ कापला जाणारा, पगार बँकेत. पुढे अॅडमिशनला हे सगळे कागद बघतात. बाँड आहे का, किती महिन्यांचा, नोटीस किती, विचार. आणि तुझ्या आत्ताच्या कंपनीची नोटीस ९० दिवसांची आहे असं लिहिलंयस, चाकणवाले तेवढं थांबणार आहेत का हे ईमेलवर घे, तोंडी नको.

मग त्यांना सांग की जॉइन व्हायच्या आधी मला एक दिवस प्लांट बघायचाय. चांगली कंपनी नाही म्हणत नाही. त्या दिवशी पीपीसीतल्या तुझ्या वयाच्या माणसाशेजारी बस आणि फक्त बघ की तो काय करतो. कस्टमरचं शेड्यूल घेऊन कुठल्या मशीनवर काय लावायचं हे तो ठरवतोय, शॉर्टेज दिसली की सप्लायरला आणि ट्रान्सपोर्टला फोन करतोय, सकाळच्या मीटिंगला उभा राहून उत्तर देतोय, तर काम खरं आहे. पण तो दिवसभर कुणीतरी ठरवलेला प्लॅन एक्सेलमधून सॅपमध्ये टाकत असेल तर ती आत्ताच्या टेस्टिंगसारखीच नोकरी आहे, फक्त ऊन जास्त. असं दिसलं तर नको घेऊ, दुसरी शोध. स्टोअर, परचेस, डिस्पॅच, वेअरहाऊस, यातलं कुठलंही चालेल. भिवंडीला ई-कॉमर्सची गोदामं आहेत, तिथेही शिफ्ट लीडचं काम मिळतं, खडतर आहे पण माणसं सांभाळायला शिकवतं.

त्याच दिवशी बायकांचं टॉयलेट शॉप फ्लोअरपासून किती लांब आहे ते बघ. रात्री उशीर झाला तर सोडायला गाडी आहे का, बस पिंपरीपर्यंतच येते का पुढे, डिपार्टमेंटमध्ये आधी कुणी मुलगी होती का आणि असेल तर तिने नोकरी का सोडली, हे एचआरला स्पष्ट विचार. लाजू नको. मी विचारलं नव्हतं आणि पहिले चार महिने मी सकाळपासून पाणी कमी पीत होते.

पगाराचं. वर्षाला ७० हजारांचा फरक, महिन्याला सहा हजाराच्या आत. कमी नाहीये, मला माहितीये तू घरी पैसे पाठवतेस. पण जुन्या आयआयएमची फी आता २० लाखांच्या पुढे आहे, त्या हिशोबात दोन वर्षांचे हे एक लाख चाळीस हजार ठेवून बघ, आणि ते पुढे काय मिळवून देतील तेही बघ. घर हिंजवडीत आहे ते सोडून भोसरी-मोशीकडे आलीस तर भाड्यात काही वाचेल, कॅन्टीन बहुतेक कंपनीचंच असतं. तरी जमत नसेल तर कंपनीला ४ लाख मागून बघ, दीड वर्षाचा अनुभव घेऊन येतेयस, फ्रेशर नाहीस, मागायला काय जातंय.

एनजीओच्या सर्टिफिकेटचं मावसभावाला नम्रपणे नाही म्हण. तुला खरंच रविवारी वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायचं असेल तर जा, जरूर जा, त्यांना तुझी गरज आहे. पण तीन शनिवार जाऊन फोटो काढून कागद आणायचा, तर तो कागद पहिल्याच प्रश्नाला फाटतो, आणि ती पोरं काय म्हणून तुझ्या प्रोफाइलसाठी बसवायची? मला याचा राग येतो म्हणून जरा जोरात लिहिलं.

चाकणला गेलीस की पहिल्या दिवसापासून एक वही ठेव, तुझ्या जुन्या वहीसारखीच. रोज रात्री चार ओळी. आज काय अडलं, का अडलं, मी काय केलं, आकडा आधी किती होता नंतर किती झाला. कंपनीचे रेट, कस्टमरची ड्रॉइंग, यातलं काही लिहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, ते त्यांचं आहे. आणि चुकलेलं पण लिही, विशेष करून चुकलेलं. दीड वर्षाने अर्ज भरायला बसशील तेव्हा लोक इंटरनेटवरून वाक्यं उचलत असतात, तुझ्याकडे चारशे पानं असतील. ऑपरेटरशी बोलत जा, त्यांना मशीनचं जे माहीत असतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं, आमचा एक प्रेस उन्हाळ्यात दुपारीच का बंद पडायचा हे मला एका ऑपरेटर काकांनी सांगितलं होतं, दुपारी पत्रा तापला की पॅनलमधलं काहीतरी ट्रिप व्हायचं. इंजिनिअर लोक तेव्हा दोन महिने प्रेसच उघडून बसले होते.

राहिले बाबा. त्यांच्या बोलण्याचा राग धरू नको गं. ज्या माणसाने तीस वर्षं गाडीखाली झोपून तुला शिकवलं त्याला एसीतली मुलगी बघून जो आनंद होतो तो खरा आहे, तो मोडेल या भीतीने तू त्यांना अर्धंच सांगितलंयस असं मला पत्रावरून वाटतं. फोनवर सांगू नको. प्लांट बघायला जायच्या आदल्या दिवशी त्यांना पुण्याला बोलव. आत सोडणार नाहीत कदाचित, पण गेटवर तरी येऊ दे, तिथे सकाळच्या शिफ्टला माल भरून निघणाऱ्या गाड्या त्यांना दिसतील, आणि त्या गाड्यांत जे पार्ट आहेत ते त्यांनी आयुष्यभर हातात घेतलेत, तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न पडतील. परत येताना मोशीला चहाला थांबा आणि मग ती क्लच प्लेटची वही काढ. ती अजून गॅरेजमध्ये गल्ल्याखाली आहे असं तूच लिहिलंयस, त्यांनाच येताना घेऊन यायला सांग.

एचआरला ईमेल उद्याच कर, प्लांट व्हिजिट आणि ९० दिवसांचं दोन्ही एकाच ईमेलमध्ये. हिंजवडीत राजीनामा मात्र चाकणचं लेखी उत्तर हातात पडल्याशिवाय टाकू नको.